डिलीट दाबा आणि आत या

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की विंडोजचं चिन्ह उमटण्याआधी पडद्यावर एक ओळ येते आणि जाते. सेटअपमध्ये जायचं असेल तर डिलीट किंवा एफ२ दाबा, अशा अर्थाची. डीटीपीच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, रोज सकाळी ती ओळ डोळ्यांसमोरून सरकत राहिली, पण ती आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही. गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा ती कळ दाबली आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय, की अहो, एकदा दाबून तर बघा! तुमच्याच टेबलावरच्या डब्यात केवढं काय भरलंय ते बघा!

आत बायोस आहे. मदरबोर्डवरच्या एका बारक्या चिपमध्ये कायमचा वस्तीला असलेला प्रोग्रॅम. वीज आली की प्रोसेसर सगळ्यांत आधी याच्या सूचना वाचतो. मेमरी तपासायची, कीबोर्ड ओळखायचा, डिस्क कुठे कुठे जोडल्यात ते हुडकायचं आणि त्यांतल्या एकीवरून विंडोज उचलून मेमरीत आणायचं. म्हणजे आपली हार्ड डिस्क विंडोजच्या ताब्यात जाते त्याच्या आधी बायोसने तिला हाक मारलेली असते, तिने ओ दिलेली असते, आपलं नाव-गाव-आकारमान सांगितलेलं असतं. हे रोज घडतं, आणि घडताना ते बघता येतं. या एका गोष्टीने मी अक्षरशः हरखून गेले.

निमित्त अगदी धंद्याचं होतं. दिवाळी अंकांची कामं आषाढातच यायला लागतात आणि माझं २०१४ साली असेंबल करून घेतलेलं मशीन आता दमायला लागलं होतं. चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, एक टीबीची हार्ड डिस्क. तिच्यावर माझं सगळं जुनं काम, पेजमेकरच्या फाइली, श्रीलिपीत टाइप केलेले अंकच्या अंक. मशीन बदलायचं मनात नव्हतं, म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन एक एसएसडी आणली. बंगलोरच्या भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, “मावशी, केबल जोडायच्या आधी बायोसमध्ये जा आणि साटा मोडपुढे काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.”

“ते कुठे असतं रे?”

“मशीन चालू कर आणि डिलीट दाबत राहा. थांबू नकोस, दाबतच राहा.”

दाबत राहिले. आणि विंडोजऐवजी समोर आला एक करड्या-निळ्या रंगाचा साधासुधा पडदा. कोपऱ्यात अमेरिकन मेगाट्रेंड्स हे नाव. (ही कंपनी १९८५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुब्रमण्यन शंकर आणि पॅट सर्मा या दोघांनी काढली. शंकर मूळचे भारतातले. जगभरच्या किती मदरबोर्डांवर त्यांच्या कंपनीचा बायोस चालतो! हे वाचल्यावर त्या कोपऱ्यातल्या नावाकडे मी अभिमानाने बघते.) वर मेन, ॲडव्हान्स्ड, बूट असे विभाग. माउस बाजूला ठेवून बाणाच्या कळांनी हिंडायचं. ॲडव्हान्स्डमध्ये साटा कॉन्फिगरेशन नावाची ओळ होती, तिच्यावर एंटर दाबलं, आणि बाई बाई बाई! चार पोर्ट, एकाखाली एक. पहिल्यापुढे माझ्या हार्ड डिस्कचं नाव, डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स, आणि शेजारी १०००.२ जीबी. दुसऱ्यापुढे डीव्हीडी रायटर. उरलेल्या दोघांपुढे रिकामं.

आता हा आकडा बघा. एक टीबीची डिस्क म्हणून आपण घेतो, विंडोज आपल्याला ९३१ जीबी दाखवतं आणि आपण दुकानदारावर मनातल्या मनात चडफडत असतो. बायोस मात्र १०००.२ म्हणतोय! मी कॅबिनेट उघडून डिस्कच्या स्टिकरवर टॉर्च मारला. तिथे एलबीए या अक्षरांपुढे दहा आकडी संख्या छापलेली आहे, १९५३५२५१६८. ही त्या डिस्कवरच्या सेक्टरांची संख्या. एका सेक्टरात ५१२ बाइट. कॅल्क्युलेटर घेतला, गुणलं, उत्तर आलं १,०००,२०४,८८६,०१६. म्हणजे बायोसचे १०००.२ जीबी तंतोतंत! मग याच संख्येला १०२४ ने तीनदा भागलं तर ९३१.५. म्हणजे विंडोजही खरं बोलत होतं, दुकानदारही खरा होता, डिस्क बनवणाराही खरा होता. एकाने हजाराच्या पटीत मोजलं, दुसऱ्याने १०२४ च्या. इतक्या वर्षांची अढी एका स्टिकरने सुटली आणि तीही पै-पैसा जुळवून!

तर साटा मोड. त्याच पडद्यावर सगळ्यांत वर ती ओळ होती आणि तिच्यापुढे लिहिलेलं होतं आयडीई. भाच्याला वाचून दाखवलं तर तो जवळजवळ ओरडलाच, “मावशी, म्हणजे इतकी वर्षं तुझी साटा डिस्क जुन्या आयडीईचं सोंग घेऊन चालतेय!”

हे सोंग समजून घेताना मला जी मजा आली ती सांगते. आयडीई ही डिस्क जोडण्याची पद्धत १९८६ च्या सुमाराची. त्या रुंद, चपट्या, राखाडी केबल ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवेल. एका केबलवर दोन डिस्क, एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोण ते ठरवायला डिस्कच्या पाठीवर बारकासा जंपर. पुढे २००३ च्या आसपास साटा आली, केबल बारीक झाली, एका केबलवर एकच डिस्क. पण तेव्हाच्या विंडोजला साटाची भाषा येत नव्हती. म्हणून बायोसमध्ये सोय ठेवली की आयडीई मोड निवडा, मग साटाचा कंट्रोलर स्वतःला जुना आयडीई म्हणवून घेईल आणि जुनं विंडोज बिनतक्रार चालेल. नवी भाषा म्हणजे एएचसीआय, इंटेलने २००४ मध्ये पुढे आणलेली. माझं मशीन २०१४ चं, त्यावर आधी विंडोज ७ होतं, मग १० झालं, आणि तो एक पर्याय मात्र असेंबल केल्या दिवसापासून तसाच राहिला होता.

मोड बदलून मिळतं काय? एक तर चालू मशीनवर डिस्क लावता-काढता येते. आणि दुसरी गोष्ट मला फार म्हणजे फारच आवडली. एएचसीआयमध्ये डिस्ककडे एका वेळी बत्तीस मागण्या देऊन ठेवता येतात आणि त्या कुठल्या क्रमाने पुऱ्या करायच्या ते डिस्क स्वतः ठरवते. माझी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर नुकताच वाचणाऱ्या हेडखालून निघून गेला असेल तर जवळपास अख्खी फेरी वाट बघायची. एकेक मागणी आल्याबरहुकूम पुरी करायची म्हटलं तर ही वाट दर वेळी बघायची. पण सगळ्या मागण्या आधीच हातात असल्या तर? पंगतीत मुरलेला वाढपी जो ओरडेल त्याच्याकडे धावत नाही, कोणाला काय हवंय ते ऐकून घेतो आणि पानांच्या ओळीनेच वाढत जातो. डिस्कही तशीच, वाटेत जो सेक्टर आधी लागेल तो आधी उचलते. हे शहाणपण माझ्या डिस्कमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. वापरात यायला एका ओळीतला एक शब्द तेवढा बदलायचा होता!

पण तो थेट बदलायचा नाही. इथे थांबून नीट सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी हे करावं लागेल. विंडोज सुरू होताना त्याला जो कंट्रोलर माहीत असतो त्याचाच ड्रायव्हर ते बरोबर घेऊन निघतं. मध्येच बायोसमध्ये आयडीईचा एएचसीआय केला तर विंडोज अर्ध्या वाटेत डिस्कला मुकतं आणि निळ्या पडद्यावर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असा मजकूर येतो. डेटा जागेवरच असतो, मोड परत पूर्वीचा केला की मशीन चालूही होतं, पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा तो येतोच. यावरचा उपाय इतका साधा आणि इतका हुशारीचा आहे की ज्याला पहिल्यांदा सुचला त्याच्या पाया पडावंसं वाटतं. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडायचं, बूटच्या विभागात सेफ बूटवर खूण करायची आणि रीस्टार्ट. लगेच डिलीट दाबून बायोसमध्ये शिरायचं, साटा मोड एएचसीआय करायचा, एफ१० दाबून सेव्ह करायचं. आता विंडोज सेफ मोडमध्ये उठतं, आणि सेफ मोडमध्ये उठताना ते कमीत कमी गृहीत धरतं; समोर कोणता कंट्रोलर आहे ते बघून योग्य ड्रायव्हर लावून घेतं. मग एमएसकॉन्फिगमधली खूण काढायची, पुन्हा रीस्टार्ट, झालं. विंडोज ८ पासून पुढच्या सगळ्यांना हे लागू. एक काळजी घ्या, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड आधी आठवून ठेवा.

मी भाच्याला फोनवर धरून हे सगळं केलं. एफ१० दाबल्यावर बदल सेव्ह करायचे का असा छोटा चौकोन येतो, येस म्हटलं, पडदा काळा झाला, आणि मग चारही कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं माझं डेस्कटॉप समोर आलं. दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडून बघितलं. स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर! आणि गंमत म्हणजे ज्या शीर्षकाखाली ही ओळ येते त्याचं नाव अजूनही आयडीई एटीए असंच आहे. जुनी पाटी तशीच ठेवून आत सगळं नवं.

एसएसडी कुठे जोडायची हेही बायोसनेच शिकवलं. एच८१ च्या बोर्डावर साटाचे चार पोर्ट असतात, पण चारही सारखे नसतात. दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ गिगाबिटचे. तारेवरून एक बाइट जाताना दहा बिट लागतात, म्हणजे ६ च्या पोर्टमधून सेकंदाला जास्तीत जास्त ६०० एमबी, ३ च्या पोर्टमधून ३००. हार्ड डिस्क दीडशेच्या आसपास जाते, तिला कुठलाही पोर्ट द्या. एसएसडी साडेपाचशेच्या घरात जाते. ती ३ च्या पोर्टला लावली तर निम्मा पैसा वाया! पोर्टचा नंबर बोर्डावर अगदी बारीक अक्षरात छापलेला असतो, तोच नंबर बायोसच्या यादीत दिसतो, आणि कुठला पोर्ट किती वेगाचा ते बोर्डाच्या पुस्तिकेत सापडतं. ती पुस्तिका माझ्याकडे खोक्यासकट जपून ठेवलेली होती. काढली, वाचली, आणि आता तिची पानं मला नकाशासारखी पाठ आहेत.

या सगळ्यातून जो नाद लागला तो इतिहासाचा. माझं मशीन ज्यांनी असेंबल केलं ते काका नव्वदच्या दशकापासून याच धंद्यात आहेत. एसएसडी बसली हे सांगायला गेले तर ते म्हणाले, “ताई, तुम्हाला डिस्कचं नाव आपोआप दिसलं ना? आम्हाला ती सोय नव्हती. डिस्कवरचे तीन आकडे बघून हाताने भरायचो आम्ही. सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. स्टिकर फाटला असेल तर दिवस गेला समजा.”

मी घरी आले आणि वाचत सुटले. सिलिंडर म्हणजे डिस्कच्या तबकड्यांवरची एकाखाली एक येणारी वर्तुळं. आयबीएमचा पीसी एटी आला १९८४ मध्ये. त्यात घड्याळ ठेवणारी मोटोरोलाची एक चिप होती आणि तिच्या पोटात बॅटरीवर तग धरणारी मेमरी, किती, तर फक्त ६४ बाइट! त्यांतले १४ घड्याळाला जायचे, उरलेल्या ५० मध्ये अख्ख्या मशीनची मांडणी. ‘दिवाळी अंक’ हे दोन शब्द आज युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये २८ बाइट घेतात, मधली मोकळी जागा धरून. म्हणजे ते दोनदा लिहिले की त्या पन्नास बाइटांत मावतच नाहीत! एवढ्याशा जागेत डिस्कची पूर्ण माहिती कुठून ठेवणार? म्हणून बायोसच्या चिपमध्येच डिस्कच्या प्रकारांचा एक तक्ता छापलेला असायचा आणि त्या पन्नास बाइटांत फक्त प्रकाराचा नंबर. टाइप १ म्हणजे ३०६ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, दहा एमबीची डिस्क. टाइप २ म्हणजे ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, वीस एमबी. पहिल्या एटीच्या तक्त्यात १४ प्रकार होते. नंतर तक्ता वाढत गेला, आणि बऱ्याच बायोसमध्ये टाइप ४७ हा हाताने आकडे भरायचा मोकळा प्रकार झाला. काका जे भरायचे ते हे! शिवाय पहिल्या एटीमध्ये सेटअपचा पडदा मशीनच्या आत नव्हताच, तो प्रोग्रॅम वेगळ्या फ्लॉपीवर यायचा. डिलीट दाबून आत जाणं ही नंतरची चैन.

आता मी ज्या गोष्टीवर पुरती फिदा आहे तिच्याकडे येते. ५०४ एमबीची भिंत.

बायोसला डिस्कवरचा पत्ता सांगायचा तर सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६. म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर. (सेक्टरची मोजणी शून्याऐवजी एकपासून होते, म्हणून ६४ च्या जागी ६३.) आयडीई डिस्ककडेही पत्त्याची जागा होती, पण तिची वाटणी वेगळी. सिलिंडरला १६ बिट, हेडला ४, सेक्टरला ८. दोघांकडे जागा भरपूर! पण एकाकडे जिथे मुबलक तिथे दुसऱ्याकडे टंचाई. दोघांना मान्य असा पत्ता हवा तर दर वेळी लहान आकडा घ्यायला लागतो. सिलिंडर बायोसचे १०२४, हेड डिस्कचे १६, सेक्टर बायोसचे ६३. गुणा. त्याला ५१२ ने गुणा. ५२८,४८२,३०४ बाइट, म्हणजे नेमके ५०४ एमबी. दोन शहाण्या मंडळींनी आपापल्या जागी योग्य निर्णय घेतले आणि त्यांच्या भेटीत ही भिंत उभी राहिली. नव्वदच्या दशकात डिस्क तिच्यापुढे जायला लागल्या आणि पुढची जागा बायोसला दिसेना.

आणि मग त्यांनी केलं काय, माहितीये? सरळ थाप मारली! समजा ८५० एमबीची डिस्क आहे, १६५४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. १६५४ हा आकडा बायोसला झेपत नाही. तर बायोस विंडोजला आणि डॉसला सांगतो की या डिस्कला ८२७ सिलिंडर आणि ३२ हेड आहेत. सिलिंडर निम्मे, हेड दुप्पट, गुणाकार तोच! मागणी आली की आतल्या आत उलटा हिशेब करून डिस्ककडे खरा पत्ता द्यायचा. आणि ‘खरा’ तरी कुठला खरा? दोन तबकड्यांच्या डिस्कमध्ये हेड असतात चार, ती सोळा सांगते. म्हणजे डिस्क बायोसला कल्पित आकडे देते, बायोस डॉसला त्याहून निराळे कल्पित आकडे देतो, आणि तरी शेवटी हवा तोच सेक्टर हातात पडतो, दर वेळी, बिनचूक. मी हे कागदावर मांडून बघितलं तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि मला झोप येण्याची काही शक्यता उरली नव्हती.

शेवटी ही तीन आकड्यांची भानगडच सोडून द्यायचं ठरलं. सेक्टरांना शून्यापासून ओळीने नंबर द्यायचे, बस. हीच एलबीए, माझ्या डिस्कच्या स्टिकरवरची तीन अक्षरं! भिंती मात्र त्याआधीही होत्या आणि नंतरही आल्याच. तीन आकड्यांतून पत्ता देणारा जुना बायोस ताणून ताणून ८.४ जीबीला थांबला. काही बायोस ३२ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की गपगार व्हायचे, म्हणून डिस्क बनवणाऱ्यांनी तिला मुद्दाम लहान दाखवणारा जंपर दिला. काकांनी तसा एका जुन्या डिस्कवरचा जंपर मला दाखवला, साबुदाण्यापेक्षा थोडा मोठा. २८ बिटांचा नंबर १३७ जीबीला संपला. मग ४८ बिट आले आणि मर्यादा गेली १४४ पेटाबाइटवर, तिथे अजून तरी आपल्या घरातली कुठली डिस्क डोकं आपटणार नाही.

एक भिंत मात्र आजही घराघरांत उभी आहे, २.२ टीबीची. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात, ५१२ बाइटांत, मास्टर बूट रेकॉर्ड म्हणजे एमबीआर असतो. १९८३ च्या पीसी डॉस २.० पासूनचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशनांच्या नोंदीचे, म्हणून चारच नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत सेक्टरचा नंबर ३२ बिटांत. ३२ बिटांत मावणारे सेक्टर गुणिले ५१२, की २.२ टीबी आले. नव्या पद्धतीत, जीपीटीत, हा नंबर ६४ बिटांचा असतो, विंडोज १२८ पार्टिशनांची जागा ठेवतं, आणि या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते. जुन्या अंकांच्या फाइलींसाठी मी आता ४ टीबीची वेगळी डिस्क घेतलीय ती जीपीटीनेच लावली. नुसता साठा करायचा असेल तर जुन्या मशीनवरही विंडोज १० अशी डिस्क आनंदाने वापरतं. तिच्यावरूनच विंडोज सुरू करायचं असेल तर मात्र बायोसचा वारस, यूईएफआय, लागतो.

आणि तो माझ्या मशीनमध्ये पहिल्यापासून बसलेला होता! आपण अजून बायोस बायोस म्हणतो, पण २०१२ नंतरच्या बहुतेक मशीनांत यूईएफआयच असतो; जुन्या पद्धतीने वागावं म्हणून त्यांतल्या अनेकांत सीएसएम नावाचा एक पर्याय असतो. माझा चालू होता. विंडोज नव्या एसएसडीवर क्लोन करून झालं, ते नीट चालतंय याची खात्री झाली, जुनी डिस्क बाजूला काढून ठेवली, आणि मग मायक्रोसॉफ्टचं एमबीआरटूजीपीटी वापरलं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ते आयतंच येतं. आधी तपासणीचा हुकूम द्यायचा, डिस्क बदलायला लायक आहे असं उत्तर आलं तरच पुढचा. फाइली जागच्या जागी राहतात आणि तक्ता तेवढा बदलतो. पुन्हा बायोस, सीएसएम बंद, आणि बूटच्या यादीत डिस्कच्या नावाऐवजी विंडोज बूट मॅनेजर अशी नवी ओळ! त्यानंतर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात कोपऱ्यात लास्ट बायोस टाइम अशी नोंद दिसायला लागली, जी फक्त यूईएफआयने सुरू झालेल्या मशीनवर दिसते. विंडोज उठायच्या आधी बायोसने स्वतःच्या कामाला किती सेकंद घेतले त्याचा हिशेब! मी तो रोज बघते.

विंडोज ११ ला माझा प्रोसेसर चालत नाही आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचा पाठिंबा नाही, त्यामुळे हे मशीन मी इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवलंय. तिथे ते सुसाट पळतंय.

भाच्याचा नवा लॅपटॉप तो सुट्टीत घेऊन आला होता, तोही मी सोडला नाही. तिथे साटाचं नावच नाही. एनव्हीएमई एसएसडी, थेट पीसीआय एक्सप्रेसवर. एएचसीआयमध्ये एकच रांग आणि बत्तीस मागण्या. एनव्हीएमईच्या नियमांत ६५,५३५ रांगा आणि प्रत्येकीत ६५,५३६ मागण्यांपर्यंतची सोय! शिवाय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा पर्याय चालू असतो. त्यामुळे कोरं विंडोज टाकायला गेलं की इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच सापडत नाही. डिस्क धडधाकट असते. इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला की ती प्रकट होते. किती जणांनी ठणठणीत डिस्क बिघडली म्हणून दुकानात नेली असेल कोण जाणे!

आता तुमच्यासाठी. आज संध्याकाळी मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. काही लॅपटॉपांत एफ१० किंवा एस्केप असतं. आत गेल्यावर पहिलं काम, मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो. मग साटा किंवा स्टोरेजचं पान उघडा आणि आपल्या डिस्कचं नाव वाचा, आकडा वाचा, मोड वाचा. जुना डेस्कटॉप असेल आणि घड्याळ सारखं मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून घ्या. तो पुरता संपला की अनेक बोर्डांवर साटा मोड आपसूक मूळपदावर जातो आणि सकाळी विंडोजऐवजी निळा पडदा भेटतो. नव्या लॅपटॉपात काहीही बदलण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर या कुलपाची रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून कागदावर लिहून ठेवा, कारण बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं. मोडपुढे रेड (RAID) लिहिलं असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका. सिक्युअर इरेजच्या वाटेला जाऊ नका, ते डिस्क कायमची पुसतं. हार्ड डिस्क पासवर्ड घालू नका, तो डिस्कमध्येच बसतो आणि सेल काढला तरी जात नाही. बाकी बघण्याने काहीही बिघडत नाही. बघून झालं की एस्केप दाबा, सेव्ह न करता बाहेर पडायचं का असं विचारेल, येस म्हणा.